स्टाइनवोगला कळवायचं नाही

बोर्गहिल्डला सत्तरावं लागणार होतं, म्हणून तिच्या मुलीने, विग्दिसने, तिला किनारी बोटीची सफर द्यायचं ठरवलं. ट्रॉन्हाइमहून वर, नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला किर्केनेसपर्यंत, आणि तिथून परत. आई आढेवेढे घेईल, पैसे वाया म्हणेल, मग आपण तिला मनवू, असा विग्दिसचा हिशोब होता. आई पहिल्या दमात हो म्हणाली. तिथेच खरं तर शंका यायला हवी होती. आयुष्यात बोर्गहिल्ड कशालाच पहिल्या दमात हो म्हणालेली नव्हती. लग्नाचं विचारायला आलेल्या आर्विदलासुद्धा तिने दोनदा परत पाठवलं होतं.

बाईचा स्वभावच तसा. जन्म बोडोच्या पुढच्या स्टाइनवोगचा, बाप कॉड मासे धरणारा कोळी. लग्न होईपर्यंत तिने मासळीच्या कारखान्यात सुरी चालवली आणि नंतर ट्रॉन्हाइमला येऊन शाळेच्या स्वयंपाकघरात डाव. हातातली सुरी गेली, जिभेवरची राहिली. जिना धुण्याच्या पाळीवरून तिने राहत्या इमारतीतल्या दोन मजल्यांशी बोलणं टाकलं होतं. तिसऱ्या मजल्याशी बोलायची, कारण पहिल्या दोघांबद्दल कुणाशी तरी बोलायला हवं. पण ही सगळी किरकोळ भांडणं. खरं वैर एकच होतं, आणि ते तिने आईच्या दागिन्यासारखं जपलं होतं. तिचा धाकटा भाऊ हिल्मार.

वैराचं कारण मुल्टे. दलदलीत उगवणारी ही पिवळी फळं आमच्याकडे सोन्याहून प्यारी, आणि ती कुठे उगवतात ते कुणी कुणाला सांगत नाही. शेजाऱ्याला नाही, पाद्र्याला नाही, नवऱ्याला तर नाहीच. आईने आपली जागा दोनच मुलांना दाखवली. बोर्गहिल्डने ती आर्विदला सांगितली. शहरी माणूस बिचारा, त्याला वाटलं फळं ती फळं. त्याने कचेरीतल्या मित्रांना नेलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात दलदलीत बादल्या घेतलेली जत्रा. हिल्मारने आईच्या वाढदिवसाच्या पंगतीत, भरल्या ताटावर तिला सुनावलं की घरातलं चव्हाट्यावर मांडायला शहरातच जावं लागतं वाटतं. ती ताटावरून उठली. या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मधे आई गेली तेव्हा दोघं चर्चमध्ये एकाच बाकावर बसली, पण दोघांच्या मधे टोप्या ठेवून.

तीन वर्षांपूर्वी आर्विद गेला आणि हिल्मार मातीला आला नाही. मुल्ट्यांचं भांडण तोवर जुनं होऊन मऊ पडत चाललं होतं. या गोष्टीने त्याला नवी धार आली. सख्खा भाऊ आणि बहिणीच्या नवऱ्याच्या मातीला नाही! विग्दिस एकदा चुकून म्हणाली की मामाला कदाचित कळलं नसेल. बोर्गहिल्डने बशी आपटली.

"सगळ्या किनाऱ्याला कळलं, त्याला तेवढं कळलं नाही होय?"

तर आता ही बोट. आमच्या किनाऱ्याची रीत अशी की बोटीने जायचं असलं की वाटेतल्या प्रत्येक बंदरातल्या आपल्या माणसाला आधी कळवायचं. बोट चार घटका थांबते, तेवढ्यात तो कॉफीचा थर्मास घेऊन धक्क्यावर येतो, खालून तो बोलतो, वरून आपण बोलतो, भोंगा झाला की हात हलवायचा. ज्याला कळवलं तो आजारी असला तरी येतो. आणि एखाद्याच्या दारावरून जायचं आणि कळवायचं नाही, याच्याएवढी थोबाडीत दुसरी नाही.

बोर्गहिल्डला तीच मारायची होती. हिल्मारच्या नाकावर टिच्चून त्याच्या धक्क्याला लागायचं, अख्ख्या गावाने बघायचं, आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी व्हावं की बहीण आली होती, भावाला सांगितलंसुद्धा नाही. मग त्याने मान खाली घालून हिंडावं. मातीला न आल्याची शिक्षा.

आता अशा कामाला बेत नीट आखावा लागतो. विग्दिसने जून सुचवला. रात्रभर उजेड, हिरवे डोंगर, डेकवर खुर्ची टाकून बसावं. बोर्गहिल्डने नाक मुरडलं. जूनमध्ये डेकवर जर्मन पर्यटकांची एवढी दाटी की त्यात माणूस दिसायचा नाही. शिवाय जूनमध्ये हिल्मार होडी घेऊन बाहेर असतो, हे मात्र ती बोलली नाही. तिने जानेवारीचा शेवट धरला.

"आई, जानेवारीत तिकडे दिवस धड उगवत नाही. बघणार काय तू?"

"मी बघायला कुठे चाललेय?"

विग्दिसने याचा अर्थ असा लावला की आईला आकाशातले ध्रुवप्रकाशाचे हिरवे दिवे बघायचेत आणि कबूल करायला लाज वाटतेय. तिला भरून आलं. तिने तिकिटाच्या कचेरीत फोन लावून दिला, आणि आईने तिकडच्या मुलीचा पार घाम काढला. स्टाइनवोगचा धक्का बोटीच्या कुठल्या अंगाला येतो, त्याच अंगाची खोली हवी. डेकवर दिवे किती, आणि ते माणसाच्या तोंडावर पडतात की पाठीवर. मुलगी म्हणाली, दिव्यांमुळे आकाश दिसत नाही, म्हणून लोक अंधारी बाजू मागतात. बोर्गहिल्ड म्हणाली, आकाश तुम्हालाच ठेवा. मग तिने भडक तांबडं जाकीट घेतलं, जे तिच्या वयाला आणि अंगाला दोन्हीला शोभत नव्हतं, पण धक्क्याच्या टोकावरून दिसलं असतं.

त्यानंतर फोन. बोडोच्या मावसबहिणीला कळवलं, हार्स्टाच्या जुन्या मैत्रिणीला कळवलं, ट्रोम्सोच्या भाच्याला कळवलं, हामरफेस्टच्या एका माणसाला कळवलं ज्याला ती चाळीस वर्षांत भेटली नव्हती आणि जो ती कोण हे विचारत राहिला. शेवटी स्टाइनवोगला चुलतबहीण सोलफ्रिड. ती हिल्मारच्या शेजारीच राहायची, गावातलं दुकान चालवायची, तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, आणि म्हणूनच तिला फोन केला होता.

"तू ये धक्क्यावर. पण हिल्मारला सांगू नकोस," बोर्गहिल्ड म्हणाली.

"म्हणजे खरंच सांगू नको, की सांगू नको असं सांगून सांगू?"

"तू सांगायचं नाही. त्याला कळलं तर माझी हरकत नाही."

आठवड्याभरात सोलफ्रिडचा उलटा फोन. हिल्मारला कळलं होतं. तो म्हणाला होता की ज्याला बोलावणं नाही त्याने धक्क्यावर जाऊन उभं राहणं म्हणजे भीक मागणं, आणि तो काही भिकारी नाही. बोर्गहिल्ड खूश झाली. पण दोन दिवसांनी पुन्हा फोन आला की हिल्मारचा काही माल ट्रॉन्हाइमहून नेमका त्याच बोटीने येतोय, तेव्हा त्याला धक्क्यावर जाणं भाग आहे. काय माल? ते तो सांगत नाही. बोर्गहिल्डची झोप उडाली. लबाड आधीपासूनच. म्हणजे हा समोर येऊन उभा राहणार, आणि गावाला म्हणणार, मी तर मालासाठी आलो होतो, ही कोण? तिची थोबाडीत हवेतच जायची. तिने तारीख बदलायचा विचार केला, पण तारीख बदलली तर ती घाबरली असं झालं असतं. मग तिने ठरवलं की वर ताठ उभं राहायचं, त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या डोंगराकडे बघायचं, आणि भोंगा व्हायच्या आत पाठ फिरवायची. आरशासमोर तिने हे दोनतीनदा करून पाहिलं. पाठ फिरवणं चांगलं जमत होतं.

बोट निघाली. बोडोपर्यंत तिने जेवणाला नावं ठेवली, टेबलावरच्या बेर्गेनच्या जोडप्याला कंटाळा आणला, आणि खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर गुलाबी होत असताना त्यांच्याकडे पाठ करून बसली. दुपारनंतर अंधारून आलं, आणि स्टाइनवोगचे दिवे दिसायला लागले. ती जाकीट चढवून डेकवर आली. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आधी थिजावं.

धक्क्यावर अर्धं गाव होतं. थंडीच्या दिवसांत गावाला दुसरी करमणूक नसते. पुढे सोलफ्रिड थर्मास घेऊन उभी, आणि तिच्यापासून चार हातांवर, बर्फावरची ढकलगाडी घेऊन, हिल्मार. बोर्गहिल्डने डोंगराकडे नजर लावली आणि मग जरा खाली पाहिलं, त्याचं तोंड कसं झालंय ते बघायला. तोंड दिसेना. तो तिच्याकडे पाठ करून मालाच्या दाराकडे बघत उभा होता. म्हणजे पाठ आधी त्यानेच फिरवली होती.

तिचं डोकं तापलं. महिनाभराचा बेत, आणि या माणसाने तो मधल्या मधे उचलला.

"सोलफ्रिड," ती कठड्यावरून गरजली, "इथल्या माणसांना मोतीबिंदू झालाय का गं? आलेला पाहुणा दिसत नाही तो?"

हिल्मारने मान वळवली नाही. "सोलफ्रिड, तिला म्हणावं पाहुणा सांगून येतो. न सांगता येतो तो माल."

धक्क्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सोलफ्रिड बिचारी थर्मास छातीशी धरून दोघांच्या मधे.

मग बोर्गहिल्डचा तोल गेला. सोलफ्रिडला वगळून, सोळा वर्षांत पहिल्यांदा, ती थेट त्याच्याशी बोलली. "मालाला तरी येतोस. माझा नवरा गेला तेव्हा मातीला आला नाहीस."

हिल्मार वळला. म्हातारा झाला होता. हुबेहूब बापाचं तोंड, खालचा ओठ पुढे काढायची खोडसुद्धा तीच. त्याने हातमोजे काढून खिशात घातले, जणू आता खरं काम होतं.

"मला कुणी बोलावलं मातीला?"

"अख्ख्या किनाऱ्याला माहीत होतं."

"किनाऱ्याला तू फोन केलास. एकेकाला. बोडोला केलास, सोलफ्रिडला केलास, शाळेच्या स्वयंपाकिणींना केलास. मी काळा सूट काढून खुर्चीवर टाकून ठेवला होता, आणि फोनशेजारी बसलो होतो. आला नाही फोन."

"कळलं होतं ना तुला?"

"कळलं होतं. सांगितलं नव्हतंस." त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "जे सांगायचं नव्हतं ते सगळ्या शहराला सांगितलंस, बोर्गहिल्ड. जे सांगायचं होतं ते सख्ख्या भावाला नाही."

तेवढ्यात मालाच्या दारातून खलाशाने हिल्मारचा माल आणून दिला. ढकलगाडीवर ठेवायचा तो अवजड माल म्हणजे एका हातात मावणारं खोकं होतं, मासेमारीच्या गळांचं, जे सोलफ्रिडच्या दुकानातही मिळतात. हिल्मारने ते ढकलगाडीवर ठेवलं, वर दोरी बांधली, गाठ तपासली. भोंगा झाला. हात कुणीच हलवला नाही. बोट सुटली तेव्हा तो गाडी ढकलत चढण चढत होता, आणि सोलफ्रिडच्या लक्षात आलं की कॉफी द्यायची राहूनच गेली.

बोर्गहिल्ड आत आली आणि खोलीत जाकिटासकट बसली. आधी तिने त्याला शिव्या दिल्या, मनापासून, लहानपणापासूनच्या सगळ्या काढून. ढोंगी, मानभावी, खुनशी. मग तिला आठवलं ते फोन करणं. आर्विद दवाखान्यातून घरी न आलेला, आणि ती फोनपाशी बसून एकेक नंबर फिरवतेय. हिल्मारचा नंबर शोधावा लागलाच नसता. तो बापाच्या घरातलाच होता, पाठ होता. तिने तो फिरवला नव्हता, कारण त्याने न सांगता यावं आणि आपण त्याला माफ करावं, असं तिला हवं होतं. आणि तो तिथे सूट काढून बसला होता. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा त्याचाच राग आला.

जेवणाची घंटा झाली. ती गेली नाही. बाहेर लोक आकाशातले दिवे बघायला धावत होते, कुणीतरी तिचं दारही ठोठावलं. तिने त्याला हाकललं. मग तिने फोन उचलला आणि तो नंबर लावला.

पलीकडे फोन लगेच उचलला गेला.

"हिल्मार, मी बोर्गहिल्ड," ती म्हणाली. आवाज अजून भांडणाचाच होता. दुसरा आवाज तिला येत नव्हता. "तुला सांगायला फोन केलाय. आर्विद गेला."

मग त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "केव्हा गं?"

"तीन वर्षं झाली."

"बरं," हिल्मार म्हणाला. "येतो मी."