आई गेली त्या शुक्रवारचं शूटिंग

आधी बालवाडीत शिकवलं, मग दाताच्या डॉक्टरकडे पेशंटची नावं पुकारली, मग रेडिओवर हवामान वाचलं. चाळिशीत टीव्हीवर आले आणि खाष्ट सासू म्हणून जी चिकटले ती चिकटलेच. आम्ही बेने इस्राएली, कोकणातले मराठी ज्यू. आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा शनिवार, शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू होतो. शनिवारी काम करणार नाही, ही माझी एकच अट. युनिटने ती कुरकुरत मानली, आणि मग दर शुक्रवारी सगळ्यांची घाई. दुसरं वेड पक्ष्यांचं. गळ्यात दुर्बीण अडकवून उजाडताच भटकायचं. त्यावर सगळे हसायचे, हसोत.

नव्वदच्या दशकातला हिवाळा, माळशेज घाटाच्या माथ्याजवळच्या मढला शूटिंग. त्या शुक्रवारी सकाळी मी धरणाच्या पाण्यावर बदकं बघत बसले होते. तेव्हाच गावातल्या दुकानाच्या फोनवर ठाण्याहून भावाचा निरोप आला: आई गेली, हिला लगेच पाठवा. फोन घेतला आमच्या व्यवस्थापकाने. हा अवसरी बुद्रुकचा, सज्जन माणूस. शुक्रवारी घरी जाता आलं नाही तर माझ्या शब्बाथच्या दिव्यांना तेल आणून देणारा. मी परतले तेव्हा त्याने स्वतः चहा आणून दिला आणि काहीच सांगितलं नाही.

दृश्य मालिकेतल्या माझ्या थोरल्या मुलाच्या मरणाचं होतं. गावची पन्नासेक माणसं सकाळपासून अंगणात बसवून ठेवलेली. मी डोळ्यांत ग्लिसरीन घालत नसे. आई गेली असं मनात आणायचं, की पाणी यायचंच. आईला हे ठाऊक होतं. "आज किती वेळा मारलंस मला?" असं विचारून ती हसायची. त्या दिवशी मी तिला चारदा मारलं. एकदा कॅमेरा अडला, एकदा कोणी खोकलं, एकदा दिग्दर्शकाचं समाधान होईना. चौथ्यांदा जमलं. बायका म्हणाल्या, "लई खरं रडला, ताई." मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, झाले.

पाच वाजता व्यवस्थापक समोर येऊन उभा राहिला.

"ताई, तुमची आई गेली. सकाळीच फोन आला व्हता."

"सकाळी? आणि आत्ता सांगताय?"

"येवढी मानसं बसल्याली. म्हटलं, सीन हुदे. तुमी आल्याबिगर कुनी उचलनार न्हाई, असं वाटलं."

त्याच्या गावात लेकीसाठी थांबतात, कितीही उशीर झाला तरी थांबतात. आमच्यात शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत माती द्यावी लागते, कारण शनिवारी दफन चालत नाही. हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. दिव्यांचं सांगितलं होतं, मरणाचं कोण सांगत बसतं? तरीही मी त्याला नको नको ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि मला त्याचाही राग आला.

जीप माळशेज घाट उतरत असतानाच उन्हं गेली. ड्रायव्हर जोरात हाणत होता. मी त्याला म्हटलं, "हळू चालवा, आता घाई नाही." त्याला काही कळलं नसावं, तो तसाच हाणत राहिला.

भाऊ दारातच उभा होता. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तीनपर्यंत वाट पाहिली, म्हणाला, मग थांबता येईना.

माती देण्याआधी गेलेल्या माणसाच्या पायाशी उभं राहून प्रत्येकाने माफी मागायची, अशी आमच्या घरची रीत. "तुझ्या वतीने मी मागितली," भाऊ म्हणाला.

मी मान हलवली. बरं केलंस, एवढंच म्हणाले. कशाबद्दल मागायची होती हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं तिच्यावर माती पडली होती.