आवणीनंतरचा युरोप

व्हिसा पासपोर्टाच्या आतच असतो, नारळात पाणी असतं तसा, अशी काही वर्षांपूर्वीपर्यंत माझी पक्की समजूत होती. हसायचं तर हसा. मी दुबईला जाऊन आले होते ना! तेव्हा सगळे कागद लेकीनं केले होते. मी फक्त विमानात चटणीची पुडी सांभाळत बसले होते. तेवढ्यावर ही साठीची बाई स्वतःला जगप्रवासी समजायला लागली.

त्या वर्षी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, लवकर उरकली. आमच्या टाकवे गावच्या खाचरांत पाणी नुसतं उभं होतं आणि त्यात ढग चालले होते. बांधावर पाय धुता धुता मी ह्यांना म्हटलं, शनिवारी युरोपला जाऊ. हे कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर शिफ्ट सांभाळलेला माणूस, त्यांनी एवढंच विचारलं, किती वाजता?

तयारी म्हणजे तांदळाचं पीठ, मेतकूट, दोन स्वेटर आणि एक छोटा तवा. वाटेत लोणावळ्याला लेकीकडे थांबायचं, तिच्याकडून तिकिटं काढून घ्यायची आणि पुढं निघायचं. शनिवारी आळीतल्या बायांनी माझी ओटी भरली. धाकट्या जाऊचे तर डोळेच भरून आले. एवढ्या थाटात वाटेला लावलेली बाई दुसऱ्या दिवशी तवा घेऊन दारात उभी राहिली, तर आळीनं काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

लेकीनं माझं ऐकून घेतलं आणि ती खाली बसली. म्हणाली, व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि युरोपच्या व्हिसासाठी नुसता अर्ज द्यायची तारीख मिळायलाच कितीतरी आठवडे जातात. ह्यांनी स्वेटर आधीच चढवला होता. तो काही काढला नाही.

घरी जायचं तोंड नव्हतं, म्हणून आम्ही तिथंच राहिलो. संध्याकाळी जाऊचा फोन आला, पोचला का म्हणून. मी म्हटलं, पोचलो. पोचलोच होतो की. कुठं, ते तिनं विचारलं नव्हतं.

पण मग तिनं विचारलं, काय दिसतंय? खिडकीबाहेर धुक्यानं सगळं पांढरं झालं होतं. समोरचा बंगला गेला, झाडं गेली, रस्त्यावर नुसता एक पिवळा दिवा तरंगत राहिला. मी दिसलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी लेकीच्या फोनवर युरोपातलं एक तळं पाहिलं, तेही सांगितलं. तळ्याकाठचा डोंगर मात्र मी माझ्या पदरचा घातला. जाऊ रोज फोन करून विचारायची, तिथल्या गाई धुक्यात चरायला जातात का, मग सांजेला त्यांना हाका कोण मारतं? मला काय माहीत? पण डोळे मिटले की ती हाका मारणारी बाई मला दिसायची, डोक्याला रुमाल बांधलेली, घसा बसलेली. मी तिचंही सांगायचे.

हळूहळू ह्यांनाही ते वेड लागलं. लोणावळ्यातल्याच तुंगार्लीच्या तलावावरून फिरून आले की म्हणायचे, आज तळ्यावर फार गारठा होता. कोणत्या तळ्यावर, ते मी विचारलं नाही. लेक कपाळाला हात लावायची आणि संध्याकाळ झाली की स्वतःच फोन माझ्यापुढं सरकवायची.

आठवड्यानं घरी आलो. आळी जमली, चहा झाला, माणसं पांगली. जाऊ चुलीपुढं भाकरी थापत होती. एवढं ऐकून घेतलेल्या बाईपुढं मला काही गप्प बसवेना. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं, नारळातल्या पाण्यासकट. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आक्का, आमच्या थोरल्या पोरानं तुमाला दुसऱ्याच दिशी लोनावळ्याच्या बाजारात भाजी घेताना बघितलं. मीच त्याला म्हनलं, गप बस. तुमी फोन बंद केला असता, तर मला फुडलं कोन सांगनार व्हतं?"