उशाखालचा नीलम

इतवारीच्या सराफ्यात खड्यांना पैलू पाडणारे एक काका बसायचे. डोळ्याला लावलेलं भिंग ते बोलतानाही काढत नसत. "ज्या कुरुंदानं मी हा नीलम घासून राहिलो, ते याचा सख्खा भाऊच आहे. रंग तेवढा येगळा," हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचेच. तरी लोक बिचकत, कारण शनीचा हा खडा सगळ्यांना लाभत नाही. म्हणून तो आधी तीन रात्री उशाखाली ठेवून पाहायची रीत होती. काका त्यासाठी खडा कागदाच्या पुडीत बांधून खुशाल देऊन टाकत.

बढती अडली तेव्हा मीही नेला. दुसऱ्याच रात्री वारलेले वडील स्वप्नात आले, नुसतेच बघत उभे. सकाळी मी पुडी परत केली. काकांनी ती न उघडताच डबीत टाकली.

बऱ्याच वर्षांनी मी विचारलं, "एवढा महागाचा खडा कोणालाही कसे देत होता?"

"काच होती गा ते," भिंग न काढता ते म्हणाले. "ज्याची झोप काचेनं उडते, त्याले नीलम काहून विकू?"

पुडी परत केली त्याच महिन्यात माझी बढती झाली होती. खडा वेळेवर परत केला म्हणून झाली, असं मी तोवर सगळ्यांना सांगत आलो होतो.