दादाचं पांढरं धोतर आणि शून्यावरचा काटा

बाळांनो, तुमच्या बाबाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना इथे सांगलीला माझ्याजवळ ठेवला. मी तो ‘ऑटो’वरच वापरत असे. गॅलरीतली फुलं, शेजारणीचं मांजर, सगळं ठीक यायचं. माझ्या थोरल्या भावाचा फोटो काढायला गेले आणि पंचाईत झाली.

दादा फौजेतून निवृत्त होऊन आटपाडीला राहतो. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. हे कपडे वहिनी स्वतः हाताने धुते, शेवटच्या पाण्यात नीळ घालते. घरात वॉशिंग मशीन आहे, पण त्यात दादाचे कपडे ती घालू देत नाही. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, दादाचा वर्दीतला फोटो आहे, त्याच्या शेजारी आत्ताचा एक मोठा करून लावायचं ठरलं होतं. नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीपुढे मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं.

फोटोत भिंत राखेसारखी आणि धोतर बांधावर लोळून आल्यासारखं.

दादाने चष्मा लावून पाहिलं. “धुतलंयस का नुसतं भिजवून वाळत घातलंयस?”

“आवं, कालच धुतलंय! वन्सं, तुमी तरी सांगा.”

“परेडला असा गेलो असतो तर सुभेदारानं मैदानातनं हाकलला असता.”

मी म्हटलं, दादा, कपडे स्वच्छ आहेत, कॅमेऱ्यातच काहीतरी गडबड आहे. तो म्हणाला, “मशीन कशाला खोटं बोलंल?”

वहिनीने सगळे कपडे उतरवून घेतले, पुन्हा धुतले, निळीचा हात जरा सढळ ठेवला. आटपाडीच्या उन्हात ते जेवणं होईपर्यंत वाळले. पुन्हा फोटो. पुन्हा राख, आता निळसर. दादा हसला, वहिनी हसली नाही. आयुष्यभर जे काम तिने दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही, त्यावरच बोट ठेवलं गेलं होतं, आणि तेही सोप्यात कायमचं टांगण्यासाठी. मला निरोप द्यायला ती दारापर्यंत आली, पण नेहमीसारखं “परत कवा येणार?” म्हणाली नाही.

सांगलीला परतल्यावर मी कॅमेऱ्याबरोबरची इंग्रजी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. गॅलरीतल्या दोरीवर पांढरा टॉवेल टाकला आणि चक्री ‘एम’वर आणली. छिद्र किती उघडायचं, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, हे आता मी ठरवणार होते. आत एक छोटी पट्टी दिसते, मध्ये शून्य आणि त्यावर सरकणारा काटा. मी काटा अगदी शून्यावर आणला, केसभरही इकडेतिकडे नाही. टॉवेल राखाडीच आला. पुन्हा शून्य, पुन्हा राखाडी.

मग तुम्हाला व्हिडिओ कॉल केला. धाकटा म्हणाला, “आजी, तू काटा शून्यावर का ठेवतेस?”

“अरे, बरोबर ते शून्यच ना?”

थोरलीने समजावलं की समोर काहीही असो, कॅमेरा ते मध्यम उजेडाचं आहे असंच धरून चालतो. पांढरंच पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो अंधार करतो. शून्य म्हणजे फक्त त्याचं मत. “तुझ्या डोळ्यांना पांढरं दिसतंय ना? मग काटा अधिकच्या बाजूला ने.”

शून्य सोडायला माझा हात तयार होईना. पहिल्यांदा इतका सरकवला की टॉवेल आणि मागचं आभाळ एक झालं. मग थोडा मागे घेतला. टॉवेलच्या घड्या दिसू लागल्या, आणि टॉवेल पांढरा होता.

पुढच्या रविवारी एसटीने आटपाडी गाठली. वहिनीने कपडे दिले, पण स्वतः चुलीपाशीच थांबली. दादाला भिंतीपुढे बसवून मी पडद्याचा वेळ जुळवत होते आणि तो बशीतून चहा पीत होता. चहा संपल्यावर फोटो काढला आणि कॅमेरा आधी आत वहिनीकडे नेला.

भिंत चुन्याची, धोतर दुधासारखं, टोपीची इस्त्री दिसत होती, दादाचा चेहराही उजळला होता. पदराला हात पुसून तिने कॅमेरा धरला. फोटो डोळ्यांजवळ नेला. मग बोट ठेवलं ते सदऱ्याच्या खिशाखाली, एका तांबूस ठिपक्यावर.

“ह्यो काय?”

ती तशीच बाहेर गेली. “आवं, उठा बघू. च्या सांडलाय न्हवं अंगावर? आणि नावं कुणाच्या धुण्याला ठेवत हुता?”

दादाने खाली पाहिलं, सदरा झटकला. “लय बारीक बघतंय गं तुझं मशीन,” मला म्हणाला. “दुसरा काढ. सदरा बदलतो.”

“बदलायचा न्हाई,” वहिनी म्हणाली. “वन्सं, ह्योच मोठा करा. धुणं माझं हाय, डाग तुमच्या भावाचा हाय, बघू दे की येनाऱ्या-जानाऱ्याला.”

तोच मोठा करून सोप्यात लावला आहे. याल तेव्हा वहिनी आजी तुम्हाला पहिल्यांदा तिथेच नेऊन उभं करेल.