कुमुदच्या कथेचा शेवट

दुपारी साडेतीनच्या सुमारास शालनचा डोळा लागतो. पुरता नाही. शेजारच्यांचा मिक्सर तिला अजून ऐकू येतोय, भाषणाची दोन वाक्यं डोक्यात घोळतायत. सहाला कुमुद इंगळेच्या कथासंग्रहाचं प्रकाशन आहे. कुमुदला जाऊन आज वर्ष झालं. संग्रह राजूरकर सरांनी संपादित केलाय, आणि जवळची मैत्रीण म्हणून शालननं बोलायचं, हेही सरांनीच ठरवलंय.

"सरक की जरा," म्हणत कुणीतरी शेजारी बसतं.

कुमुदच. आजाराच्या आधीची, भरल्या गालांची. दोघी शाळेच्या बाकावर बसल्यात. दर शनिवारी सरांचं लेखक मंडळ भरतं तो सातवीचा वर्ग. शालनला नवल वाटत नाही. लाज मात्र वाटते. शेवटची दोन वर्षं ती कुमुदशी बोललीच नव्हती.

"काय बोलणारेस माझ्याबद्दल?"

"चांगलंच बोलेन की."

"ते झालंच गं. खरं काय बोलणारेस?"

शालनच्या तोंडून भलतंच निघतं. "तू माझे विषय उचलतेस, असं सर म्हणाले होते."

"मला म्हणाले, शालन उचलते. तिच्यापासून जपून राहा. तुझ्यात जे आहे ते तिच्यात नाही, म्हणून जळते ती."

हेच वाक्य सर शालनलाही म्हणाले होते, कुमुदबद्दल, शब्द न् शब्द. सहा वर्षं तिनं ते कुणाला न सांगता जपलंय. लिहिणं अडलं की ती ते मनातल्या मनात म्हणून बघायची.

"बाकीचे गेल्यावर, दारात थांबवून?" ती विचारते.

"दारातच. खांद्यावर हात ठेवून."

दोघी दाराकडे बघतात.

"मंडळातून निर्मला रडत उठून गेली होती, आठवतं?" कुमुद म्हणते. "तिला टीका सोसत नाही, असं मी म्हणाले होते. आणि तू हसलीस."

"सगळेच हसले."

"हो. सगळेच."

बाक लांब होत गेलाय. कुमुद त्यावर आडवी झालीय, हाताला सलाईन आहे, गाल आत गेलेत. भिंतीवरचे पाढे मात्र तसेच आहेत. फिनेलचा वास येतो. या हॉस्पिटलात शालन कधीच आलेली नाही.

"वाट बघितली मी तुझी."

"सर म्हणाले, आधी कादंबरी पुरी कर. कुमुदला सहानुभूती गोळा करायची सवयच आहे. गेलीस तर तुझं लिहिणं मोडेल."

"झाली पुरी?"

"चारदा लिहिली. त्यांना पसंत पडत नाही अजून."

कुमुद डोळे मिटते. मग म्हणते, "माझी शेवटची कथा वाचलीस? पुस्तकात आहे ती माझी नाही. माझी बाई घर सोडून जाते. सरांनी तिला परत आणलीय. नवऱ्याची माफी मागायला लावलीय."

शालनला माहीत आहे. अबोला सुरू व्हायच्या आधी कुमुदनं ती कथा लिहिली तेव्हा सगळ्यांत आधी तिलाच वाचून दाखवली होती. महिन्यापूर्वी छापील पानं हातात आली तेव्हा तो शेवट तिनं दोनदा वाचला, आणि 'ठीक आहे' म्हणून खाली सही करून पानं सरांना परत दिली.

"आज सांगशील सगळ्यांसमोर?"

"मंडळ सुटलं तर मला कोण विचारतंय, कुमुद? माझं लिहिलेलं वाचणारं दुसरं आहे कोण?"

"मीही हेच म्हणायचे." कुमुद उठायला बघते, तिचं मनगट पकडते. "हो म्हण. एवढंच."

शालन तोंड उघडते. ओठ हलतात, आवाज येत नाही. मनगटावरची पकड आवळत जाते. "हो म्हण ना गं!"

खाली हॉर्न वाजतो आणि ती उठून बसते. सव्वापाच झालेत. तोंडाला कोरड पडलीय. डाव्या मनगटावर नखांच्या चार लालभडक खुणा उमटल्यात, एकीत रक्ताचा थेंब साकळलाय. ती उजव्या हाताची बोटं उजेडात धरून बघते. नखं मुळापर्यंत कापलेली आहेत.

"शालन, आटप गं!" खालून राजूरकर सरांची हाक येते. "गाडी रस्त्यात उभी आहे."

"आले, सर!"

आवाज लगेच फुटतो, आणि गोडही लागतो. ती उठते. मग कपाट उघडून लांब बाह्यांचं ब्लाऊज शोधू लागते.