पहिल्या फेरीतली चौथी निवड

संस्कृत शिकवणाऱ्या माणसाचा हॉकीशी संबंध काय, असे कोणी विचारले तर आजही मला सरळ उत्तर देता येत नाही. मी मूळचा झरीचा. पाठशाळेत वाढलो आणि पुढे पूर्ण्याच्या शाळेत संस्कृतचा शिक्षक म्हणून रुजू झालो. हॉकीची काठी कोणत्या टोकाला धरतात हेही मला ठाऊक नव्हते, आणि नेमक्या याच गुणामुळे सत्तरच्या दशकात काही वर्षे त्या गावच्या हॉकीतले एक मानाचे काम माझ्याकडे चालत आले.

रेल्वे कॉलनीच्या मैदानावर दिवाळीनंतर चार संघांचे सामने होत. इंजिन शेडचा एक, गार्डांचा एक, स्टेशनचा एक आणि गावाचा एक. पूर्वी दोन संघ सारे चांगले खेळाडू ओढून घेत आणि उरलेल्या दोघांची दैना होई. म्हणून जाणत्या मंडळींनी रीत घातली की दरवर्षी चारही संघ मोडायचे, खेळणाऱ्या सर्वांची नावे रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधील फळ्यावर लिहायची आणि चार कप्तानांनी आळीपाळीने एकेक नाव उचलायचे. एका फेरीत चार नावे, अशा फेऱ्या संघ पुरे होईपर्यंत. कोणी आधी बोलायचे ते चिठ्ठ्यांवर ठरे. चिठ्ठ्या काढायला खेळातले काहीही न कळणारा, म्हणून कोणाचाच पक्ष न घेणारा माणूस हवा होता. असा माणूस शोधण्यास त्यांना फार श्रम पडले नाहीत.

मी ते काम पूजेसारखे करीत असे. स्नान करून, धूतवस्त्र नेसून, घरचे ताम्हन घेऊन जाई. ताम्हनातून चिठ्ठ्या काढी. कप्तानाने नाव उच्चारले की मी विचारी, "निश्चितम्?" तो म्हणे, "निश्चितम्." मग त्या नावाभोवती मी खडूने रेघ ओढी, आणि एकदा ती ओढली की कप्तानाला शब्द फिरवता येत नसे. पहिल्या वर्षी सवयीने तो शब्द माझ्या तोंडून गेला आणि पुढे त्याचाच नियम झाला. शेवटी जी नावे कोणीच घेतली नाहीत ती ओल्या फडक्याने पुसणे हेही माझ्याकडेच असे.

त्या न घेतलेल्या नावांत एक नाव दरवर्षी असे. ते होते गावाबाहेरच्या फाटकावरील गेटमनचे. रुळांपलीकडच्या वस्तीत राहणारा, चाळिशी ओलांडलेला, उंच आणि मितभाषी गृहस्थ. पूर्वी तो शेडच्या संघात फुलबॅक होता, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून चेंडू अडवणारा. एका अंतिम सामन्यात चेंडू संथपणे त्याच्याकडे येत होता. तेवढ्यात मालगाडीची शिटी झाली. या सद्गृहस्थाने मान वळवून फाटकाकडे पाहिले आणि फाटक पाडण्यासाठी उचलावा तसा डावा हात उचलला. चेंडू त्याच्या पायांमधून गोलात गेला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, फाटकावर दुसराच माणूस होता, पण हाताला ते कोण सांगणार? तेव्हापासून गाव त्याला 'तिसरा खांब' म्हणू लागले. गोलाला दोन खांब असतात, हा तिसरा. तरीही तो दरवर्षी आपले नाव फळ्यावर लिहून घेई, शेवटच्या बाकावर बसून सगळ्या फेऱ्या ऐके, आणि मी त्याचे नाव पुसले की उठून जाई. पाच वर्षे मी ते नाव पुसले. पुसताना माझ्या मनात काहीच येत नसे, हे आज लिहिताना मला जड जाते.

देशाने हॉकीचा विश्वचषक आणला त्या वर्षीची गोष्ट. गावात हॉकीवाचून दुसरे बोलणे नव्हते. त्यात सिकंदराबादेहून स्टेशनवर बदलून आलेला एक तरुण क्लार्क असा काही खेळे की लोक केवळ त्याचा सराव पाहायला मैदानावर जात. निवडीच्या दिवशी हॉलमध्ये उभे राहायला जागा नव्हती. चिठ्ठ्या निघाल्या. पहिली गावाची, दुसरी गार्डांची, तिसरी स्टेशनची आणि चौथी शेडची. पहिल्या दोघांनी आपापले जुने भरवशाचे गडी घेतले. तिसऱ्याने, त्याच्याकडे गोलकीपरच नव्हता म्हणून, गोलकीपर घेतला. क्लार्कचे नाव फळ्यावर तसेच राहिले. शेडचे लोक आनंदाने बाके वाजवू लागले.

शेडचा कप्तान फिटर होता, हैदराबादकडचा, दखनी बोलणारा. तो उठला, त्याने फळ्याकडे पाहिले आणि गेटमनचे नाव घेतले.

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, "पुन्हा सांगा."

त्याने तेच नाव पुन्हा घेतले.

"निश्चितम्?"

"हौ पंडितजी, निश्चितम्."

मी रेघ ओढली. हॉलमध्ये जो गलका उठला तसा मी कधी ऐकला नव्हता. शेवटच्या बाकावर गेटमन उभा राहिला होता. बसावे की जावे हे त्याला कळत नव्हते. पुढच्या फेरीत गावाच्या कप्तानाने क्लार्कचे नाव इतक्या घाईने घेतले की माझे "निश्चितम्" विचारायचे राहून गेले.

परतताना स्टेशनासमोरच्या लिंबाखाली लोकांनी मला गाठले. तिथे चहाच्या दुकानापुढे एक निवृत्त गार्ड, एक टांगेवाला आणि एक कापडवाला यांची सभा भरली होती.

"या गुरुजी, बसा," गार्डसाहेब म्हणाले. "तुम्ही फळ्याजवळ होता. फिटरचं डोकं ठिकाणावर होतं का?"

"मला तरी ते स्वस्थचित्त दिसले," मी म्हणालो.

"स्वस्थचित्त!" टांगेवाला हसला. "आवो, हिरा समोर ठिवलेला अन् ह्यानं दगड उचलला. माजं घोडं बी असं करत न्हाई."

कापडवाल्याने आवाज खाली आणला. "मला वाटतं त्याला भीती होती. क्लार्क संघात आला असता तर पुढच्या वर्षी कप्तान कोण झालं असतं? सांगा."

"मग घ्यायचा हुता ना दुसरा कुनी! पन्नास नावं हुती फळ्यावर. खांबच कशाला?"

"नावं खालीवर वाचली असतील त्यानं," गार्डसाहेब म्हणाले. "चष्मा लागलाय त्याला, घालत नाही."

"दोनदा वाचली का खालीवर? गुरुजींनी दोनदा इचारलं की."

मग तिघेही माझ्याकडे वळले. कापडवाला म्हणाला, "गुरुजी, काल फिटर तुमच्या आळीत दिसला होता. तुम्ही तर काही सांगितलं नाही ना त्याला? मुहूर्त वगैरे?"

मी निक्षून नाही म्हणालो, आणि ते खरेच होते. पण ताम्हन काखेत धरून घरी जाताना माझे मन मात्र ठिकाणावर नव्हते. पाठशाळेत संशयाचा पाठ देताना आमचे गुरुजी एक उदाहरण देत. संधिप्रकाशात दूर काहीतरी उंच उभे दिसते. तो खांब आहे की माणूस? मनाने एक ठरवावे तर दुसरे पुढे येते. तो पाठ मला मुखोद्गत होता. त्या दिवशी प्रथमच मला तो कळेनासा झाला.

दिवेलागणीच्या आधी गेटमन माझ्या दारी आला. ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"जयभीम, गुरुजी."

"नमस्कार. वर या."

तो वर आला, पण टेकला नाही. "गुरुजी, माजं नाव पुसून टाका."

निवड झालेला खेळाडू स्वतः माघार घेऊ शके. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी इन्स्टिट्यूटच्या दाराला लागेपर्यंत त्याला तेवढी मुभा होती. नाव पुसायचे ते मीच.

"का बरे?" मी विचारले.

"लोकं हसायलेत. घराच्या वाटंवर तिघांनी शिट्टी वाजवली, हात वर करून दावला." त्याने डावा हात थोडा उचलला आणि लगेच खाली घेतला. "मला त्येचं काई न्हाई, सवय हाय. पण कप्तानाला बी हसायलेत. मला का घेतलं त्येनं? आमची न वळख, न बोलनं. मला काईच कळंना."

"तुम्हांला खेळायचे नव्हते, तर दरवर्षी नाव का लिहवत होता?"

"लिवायचं म्हून लिवत हुतो. तिथं नाव नसलं की मी खेळत हुतो हे बी संपतंय. तुमी पुसलं तरी आदी लिवलेलं ऱ्हायाचं ना घडीभर."

मी त्याला म्हणालो, "सकाळी आठला हॉलवर या. तोवर मी कप्तानाला विचारून घेतो."

कप्तान शेडजवळच्या आपल्या क्वार्टरपुढे बाजेवर बसला होता. मला पाहून उठला आणि बाज माझ्यासाठी झटकली. मी बसलो नाही. सरळ विचारले, "क्लार्क असताना तुम्ही गेटमनला का घेतले?"

तो मनापासून हसला, पण ते हसणे फार टिकले नाही. "पंडितजी, सच बोलूं? मेरे कू बी नै मालूम. सबेरे से उस क्लार्क का नाम जबान पे था. उठा, फळ्याकडे पाहिलं. आप बाजू में खडे थे."

"मग?"

"आपके हात में वो गीला कपडा था. पहली फेरी चल री थी, और आप आत्ताच कपडा ओला करके, पिळून, तयार खडे थे. उसके नाव के एकदम सामने." त्याने फडके धरल्यासारखी मूठ पुढे केली. "बस, मुँह से उसका नाम निकल गया. अब आप बोलो, मैं लोगों कू क्या बताऊँ?"

कोणताही विधी आरंभण्यापूर्वी सारी सामग्री सिद्ध असावी, असे मी शिकलो होतो. ताम्हन, खडू, फडके. म्हणून मी फडके सुरुवातीलाच भिजवून घेत असे. त्यात मला व्यवस्था दिसे. पाच वर्षे शेवटच्या बाकावरून त्या गृहस्थाला काय दिसत असेल, हा विचार माझ्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

रात्री संध्या झाल्यावर मी देवापुढे बराच वेळ बसलो. कप्तानाने केले ते खेळाच्या दृष्टीने चूक होते की नव्हते, मला कळत नव्हते. फडक्याचे हे गेटमनला सांगावे, तर त्याला दया केल्यासारखे वाटेल. न सांगावे, तर मी काहीतरी लपवतो आहे. देवाने नेहमीप्रमाणे माझ्या बुद्धीवरच सोडले, आणि बुद्धी त्या दिवशी काही कामाची नव्हती.

सकाळी मी पुन्हा ताम्हन घेऊनच हॉलवर गेलो. कशासाठी, ते सांगता येणार नाही. फडकेही सवयीने भिजवलेले होते. गेटमन आला. हॉलमध्ये आम्ही दोघेच.

"काय म्हनले कप्तान?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "ते म्हणाले, नाव तोंडून निघाले. त्यांनाही कारण सांगता येत नाही." हे सत्य होते, पूर्ण सत्य नव्हते.

"म्हंजी त्येला बी ठावं न्हाई?"

"नाही."

का कोण जाणे, एवढ्याने त्याचा चेहरा सैल झाला. त्याने फळ्याकडे पाहिले. खडूच्या रेघेत त्याचे नाव होते. मग मी आजवर कोणत्याही खेळाडूला विचारले नव्हते ते त्याला विचारले, "निश्चितम्?"

पुढे होऊन त्याने माझ्या हातातले ओले फडके घेतले, नीट घडी केली आणि म्हणाला, "हे मी नेतो. काठीच्या मुठीला गुंडाळाय चांगलं हाय. घामानं हात सरकतोय."

मी यादी दाराला लावली.

त्या मोसमात मी प्रथमच सामने पाहायला गेलो. शेडचा संघ काही विशेष खेळला नाही. गावाकडून खेळणाऱ्या त्या क्लार्कने आमच्यावर दोन गोल केले. 'आमच्यावर' हा शब्द माझ्या लेखणीतून आत्ता आपोआप उतरला, तो तसाच ठेवतो. लिंबाखालची सभा रोज भरे आणि निवड चूक ठरली हे रोज नव्याने सिद्ध होई.

पण शेवटच्या सामन्यात एक प्रसंग घडला. क्लार्क चेंडू घेऊन एकटाच आत शिरला. समोर फक्त गेटमन, हातात पांढऱ्या मुठीची काठी. आणि त्याच क्षणी नांदेडकडून येणाऱ्या गाडीची शिटी झाली, दीर्घ. साऱ्या मैदानाने श्वास रोखला. मीही. आणि मी मान वळवून फाटकाकडे पाहिले.

मी पुन्हा मैदानाकडे पाहिले तेव्हा चेंडू गेटमनच्या काठीखाली दबलेला होता आणि क्लार्क त्याच्याकडे पाहत उभा होता.

लिंबाखाली त्या संध्याकाळी मोठे रण माजले. गार्डसाहेब म्हणाले, त्याने चेंडूवरून नजर काढलीच नाही. टांगेवाला म्हणाला, मान वळवलीच होती, चेंडू आपसूक काठीला येऊन अडकला. कापडवाल्याने अखेर कबूल केले की आपण गाडीकडे पाहत होतो. हळूहळू उघड झाले की जवळजवळ सर्वांनीच गाडीकडे पाहिले होते.

मी गेटमनला वाटेत विचारले. तो म्हणाला, "तुमी तिथंच हुता की, गुरुजी. तुमाला काय दिसलं?"

"मी फाटकाकडे पाहिले," मी म्हणालो.

तो पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळेपणी हसला. "मग मलाच कसं इचारायलात?" आणि आपल्या कामावर निघून गेला.

पुढच्या वर्षी त्याचे नाव सहाव्या फेरीत स्टेशनच्या कप्तानाने घेतले. कोणी बाक वाजवला नाही, कोणी वाद घातला नाही. मी "निश्चितम्?" विचारले आणि रेघ ओढली. त्या वर्षी मी ताम्हन नेले, खडू नेला. फडके नेले नाही. उरलेली अकरा नावे फळ्यावर तशीच राहिली. इन्स्टिट्यूटचा झाडूवाला दोन दिवसांनी कुरकुरत माझ्याकडे आला की फळा कोण पुसणार. मी त्याला म्हणालो, "राहू द्या काही दिवस." कोणाचे नाव किती दिवस राहावे, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.