सुतकाचे निमित्त

१४ फेब्रुवारी १९७९. आज सकाळी माझ्या पत्नीचे दुसरे सिझर झाले. मुलगा झाला, दोघेही सुखरूप आहेत. माझे वडील (ती त्यांना मामाजी म्हणायची) जाऊन आज सहावा दिवस.

मित्रहो, आपल्या या फिरत्या वहीत मी सहसा लिहीत नाही. आज लिहितो.

पहिल्या वेळी ऐनवेळी धावपळ झाली होती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी महिन्याआधीच तारीख दिली आणि सगळे समजावले. आदल्या रात्रीपासून पाणीही बंद, चीर जुन्याच जागी, टाके निघेपर्यंत दवाखाना, आणि नातेवाइकाचे एक बाटली रक्त तयार हवे. माझे रक्त जुळले होते. मी हो म्हटले होते.

आज सुई पाहिली आणि म्हणालो, "मला सुतक आहे. चालणार नाही."

मौद्याहून आलेला मेहुणा पाहतच राहिला. "भाऊजी, रक्ताले कुठचं सुतक? सुईले भेले म्हणा ना सरळ!" त्याने बाही वर केली. त्याचेही रक्त जुळले, तेच तिला चढवले.

दुपारी शुद्धीवर आल्यावर ती हळूच म्हणाली, "मामाजी गेल्याचं दुःख, अन् त्यात रक्तही देलं तुम्ही. काही खाल्लं काय?"

मी नुसती मान हलवली. खरे सांगितले नाही.

भीती झाकायला मी वडिलांचे मरण पुढे केले. तिचे टाके ओले आहेत. उद्याच सांगावे की थांबावे? तुम्ही काय केले असते?

सुतकात आमची चूल बंद आहे. शेजारच्या काकूंनी पाठवलेला डबा उघडला आणि एकटाच जेवलो.